वसईची देवळं, कोसबाडचं अंगण आणि आपला हॉल

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून मला बोलायला उभं केलंत, त्याबद्दल समितीचे आभार. सेक्रेटरींनी मला सांगितलं, "सर, सोसायटीचा इतिहास नको, तो अहवालात आहे. तुम्ही काहीतरी बाहेरचं सांगा." म्हणून मी आज तुम्हाला वसईला घेऊन जाणार आहे. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं मी तिथे काढली आणि तिथली जुनी चर्च जवळून पाहिली. पण परत येताना आपण कोसबाडवरून याच हॉलमध्ये येणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

वसई आपल्याला काही लांब नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हापासून आपण आणि ते एकाच जिल्ह्यातले. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. आणि जुना संबंध तर त्याहून मोठा. पोर्तुगीजांचा वसईचा किल्ला आणि आपल्या खाडीजवळचा डहाणूचा किल्ला एकाच राजवटीत होते आणि १७३९ च्या मोहिमेत दोन्ही मराठ्यांकडे आले. डहाणू आधी पडलं, वसई मे महिन्यात.

आता वसईत गेल्यावर दोन प्रकारची चर्च दिसतात. एक किल्ल्याच्या आत, दुसरी किल्ल्याच्या बाहेर गावोगाव. आज मला या दोघांतला फरक सांगायचा आहे.

आधी किल्ल्यात जाऊ. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं तहानं वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. तटाच्या आत नुसते सैनिक नव्हते, पूर्ण शहर होतं. वाडे, बाजार, तुरुंग, इस्पितळ आणि चर्च. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, प्रत्येक पंथाचं वेगळं चर्च, वेगळा मठ. त्यातलं सेंट जोसेफ हे मुख्य. १५४६ सालचं, आणि १६०१ मध्ये मोठं केलेलं. त्याचा मनोरा अजून उभा आहे. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जमिनीत बसवलेले थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर नावं कोरलेली, घराण्यांची चिन्हं कोरलेली. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत पाहिलीत तर खांबांवरचं नक्षीकाम बघत राहावं असं.

पण यातल्या बहुतेकांना छप्पर नाही. भिंती आहेत, कमानी आहेत, वर आकाश. भिंतीतून पिंपळ बाहेर आलेला. मुलांना वाटतं की लढाईत तोफा लागून हे सगळं पडलं. तोफांनी तटाचं नुकसान झालं हे खरं, सुरुंगही लावले होते. पण चर्चची छपरं गेली ती बरीचशी त्यानंतर, सावकाश. कोकणातल्या पावसात लाकडी छप्पर किती टिकतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. एक कौल सरकतं, तिथून पाणी वाशात मुरतं, वासा कुजतो, तुळई खाली येते. मग भिंतीच्या माथ्यावर पाणी साचतं, पक्षी पिंपळाचं बी टाकतो. कौल सरकलं त्याच दिवशी कुणी वर चढून ते बसवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चढायला माणूस राहिला नव्हता.

माणसं का गेली? तहाच्या अटी वाचल्या तर असं दिसतं की चिमाजी आप्पांनी पोर्तुगीज सैन्याला मानानं बाहेर पडू दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवली. म्हणजे कुणी प्रार्थना बंद करा असं म्हटलं नव्हतं. पण किल्ल्यातली वस्ती ही सत्तेवर जगणारी वस्ती होती. अधिकारी, सरदार, मठातले पाद्री. सत्ता गेली तशी ती सगळी उठली आणि निघून गेली. त्यांच्या चर्चना मागे गाव नव्हतं.

त्या चर्चच्या घंटांचं काय झालं ते बहुतेकांना माहीत असेल. विजयाची खूण म्हणून त्या मराठी मुलखात नेल्या गेल्या. भीमाशंकरला आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आहे, वाईजवळ मेणवलीला घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल आजही दिसतं. त्या काळात दोन्हीकडच्या लोकांना काय वाटलं असेल तो विषय वेगळा, त्यात मी आज शिरत नाही. मला एवढंच दिसतं की ज्या मनोऱ्यातून घंटा काढली तो मनोरा ओसाड आहे आणि घंटा मात्र शाबूत आहे. कारण तिच्याभोवती रोज माणसं आहेत.

आता किल्ल्याच्या बाहेर चला.

वसई स्टेशनवरून पश्चिमेला पापडी, सांडोर, रमेदी आणि पुढे निर्मळ, नंदाखाल, आगाशी असा रस्ता धरला की दर दोन-तीन किलोमीटरवर चर्च लागतं. आणि ही काही नवी नाहीत. रमेदीचं १५५७ सालचं, सांडोरचं सेंट थॉमस १५६६ चं, नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. म्हणजे किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्याच वयाची. तोच चुना, तोच दगड, तोच पाऊस, तीच समुद्राची खारी हवा. मधल्या काळात तीच लढाई यांनीही पाहिली. पण आज रविवारी सकाळी जाल तर बसायला जागा मिळणार नाही.

फरक एकच. या चर्चच्या मागे गाव होतं आणि गाव कुठे गेलं नाही. ही माणसं शेतकरी. केळी, पानवेली, फुलं, भाजी करणारी. राजे बदलले म्हणून बागायत कुणी खांद्यावर घेऊन जात नाही. आपल्या 'आगर' या शब्दातच बागायत आहे, त्यामुळे तुम्हाला हे लगेच कळेल. वसईच्या ख्रिस्ती लोकांची भाषा मराठी. कुणाची वाडवळी, कुणाची सामवेदी, पण घरात, शेतात, बाजारात मराठीच. जुनी माणसं चर्चला चर्च म्हणतही नाहीत. "देवळात जाऊन येतो" म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की हे गृहस्थ शंकराच्या देवळात निघाले. रमेदीच्या माउलीला तर हिंदू कुटुंबंही नवस बोलतात.

आता ही देवळं साडेचारशे वर्षं टिकली ती केवळ रविवारच्या प्रार्थनेवर असं समजू नका. ही गोष्ट मी तिथे राहून पाहिली म्हणून सांगतो. चर्चचं आवार आठवडाभर रिकामं नसतं. एका बाजूला शाळा. संध्याकाळी गाण्याची तालीम. रविवारी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग. कुणाच्या घरी अडचण असेल तर मदत करणारं मंडळ. नाताळात तरुण पोरं रात्र-रात्र जागून गोठे तयार करतात, एकांकिका बसवतात. लग्नाची वरात इथेच येते आणि शेवटचा निरोपही इथूनच. म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसाचा त्या आवाराशी काही ना काही संबंध. मग कौल सरकलं तर ते कुणाच्या तरी नजरेला पडतंच. आणि ज्याच्या नजरेला पडतं त्याला ते आपलं वाटतं.

अशा आवारातून माणसं कशी घडतात याचं एक उदाहरण देतो. नंदाखालच्या एका घरात १९४२ साली एक मुलगा जन्मला. पुढे तो धर्मगुरू झाला. 'सुवार्ता' हे मराठी मासिक त्यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत संपादित केलं, आणि ते चर्चच्या बातम्यांपुरतं न ठेवता सगळ्या मराठी वाचकांसाठी खुलं केलं. 'हरित वसई' चळवळीत ते पुढे होते. तिथलं पाणी आणि झाडं वाचावीत म्हणून आणि गुंडगिरीविरुद्ध ते बोलले, तेही बोलणं सोपं नव्हतं अशा काळात. बायबलच्या नव्या कराराच्या त्यांच्या सुबोध मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ ला ते गेले. चर्चच्या आवारात मराठी मासिक निघतं, त्याभोवती वाचक जमतात, लेखक तयार होतात, हे मी सांस्कृतिक केंद्र समजतो. त्याला काचेची इमारत लागली नाही.

किल्ल्यातलंही एक सांगायला हवं, नाहीतर चित्र अर्धवट राहील. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकी इथे आपल्या साथीदारांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. त्यांच्या सणाला दरवर्षी भाविक किल्ल्यात जमतात. त्या दिवशी पडक्या भिंतींमध्ये माणसं असतात, गाणी असतात, मुलं धावत असतात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शांत. तरुण मंडळींना हा किल्ला वेगळ्या कारणानं माहीत असेल. २०१६ साली आलेल्या कोल्डप्लेच्या त्या गाण्याच्या व्हिडिओत तो दिसतो. शूटिंगवाले येतात, फोटो काढणारे येतात, जातात. सण वर्षातून एकदा, शूटिंग अधूनमधून. पण पाहुण्यांच्या जिवावर छप्पर टिकत नाही हो. रोजचं माणूस लागतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, इमारत आणि माणसं दोन्ही हवीत हे कळलं. पण दोन्हीपैकी एकच मिळत असेल तर कोणतं धरायचं? याचं उत्तर शोधायला वसईला जायची गरज नाही. आपल्या तालुक्यातच आहे.

बोर्डीच्या मागे बारडचा डोंगर आहे, बहारोटच्या गुंफांचा. आपल्यापैकी बरेच जण पावसाळ्यानंतर तिथे चढून आले असतील. पारशी समाजाच्या 'किस्सा-ए-संजाण' या ग्रंथात लिहिलंय की संजाणवर स्वारी झाली तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरात आणला आणि बारा वर्षं तो इथे जपला. मग वांसदा, मग नवसारी, असं करत १७४२ ला तो उदवाड्याला पोचला आणि आजही तिथे तेवतो आहे. त्या बारा वर्षांत त्यांच्याकडे मंदिर नव्हतं. एक गुंफा, सरपण आणि वेळच्या वेळी सरपण घालणारा माणूस. पावसाळ्यात त्या डोंगरावर सुकं लाकूड साठवून ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांनी चूल पेटवली आहे त्या बायकांना विचारा. वास्तू गेली तरी चालली, पाळी चुकली नाही, म्हणून अग्नी राहिला.

दुसरं उदाहरण कोसबाडचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर आलं. मुलं शाळेत येईनात. का, तर कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कुणी गुरं राखतंय. या दोघींनी मुलांवर दोष टाकला नाही. शाळाच मुलांच्या पाड्यावर नेली, अंगणात भरवली, ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे कुरणात भरवली, ती कुरणशाळा. शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना आली तेव्हा 'अंगणवाडी' हाच शब्द तिच्यात गेला आणि आज देशभर तो वापरात आहे. म्हणजे आपल्या वारल्यांच्या पाड्यावरचं शेणानं सारवलेलं अंगण अख्ख्या भारताला माहीत झालं. इमारत शून्य. माणसं आणि नियम मात्र पक्के.

तर माझा हिशेब असा. माणसांशिवाय इमारत म्हणजे वसईचा किल्ला. इमारतीशिवाय माणसं म्हणजे बहारोट आणि कोसबाड. त्यांनी सिद्ध केलं की निभावता येतं, पण त्याला ताराबाई, अनुताईंसारखी माणसं लागतात. ती दर पिढीत मिळत नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांना जमणारा मार्ग सांडोर-नंदाखालचा. एक जागा, आणि ती रोज वापरणारी माणसं.

आता आपण या हॉलमध्ये परत आलो.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे, तो तुम्ही सगळ्यांनी वाचलाय. हा हॉल भाड्यानं गोडाऊनला द्यायचा. मी समितीवर टीका करायला उभा नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय, पाण्याची टाकी गळते, सिंकिंग फंड अपुरा आहे. वर्गणी वाढवली की पेन्शनवर असलेल्या घरांना ती जड जाते. खजिनदारांचा हिशेब बरोबर आहे, तो मी स्वतः तपासलाय. आणि त्यांचं दुसरं म्हणणंही खरं आहे की हॉल वर्षातले बहुतेक दिवस बंदच असतो. गणपतीचे दिवस, सर्वसाधारण सभा, एखादा साखरपुडा, आणि मग कुलूप.

पण हे दुसरं म्हणणंच मला काळजीचं वाटतं. वर्षातून चार वेळा उघडणारी जागा म्हणजे आपण आत्ताच किल्ल्याच्या बाजूला झुकलोय. गोडाऊन दिलं की गच्ची दुरुस्त होईल, नक्की होईल. पण त्या गच्चीखाली राहणारे आपण एकमेकांना कुठे भेटणार? जिन्यात? व्हॉट्सअ‍ॅपवर? पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपण कुठून कुठून आलो होतो. कुणी घाटावरून, कुणी गुजरातेतून, कुणी केळव्याहून, कुणी इथलेच वाडीवाले. आपली ओळख याच हॉलमध्ये झाली. इथेच वर्गणीवरून भांडलो आणि इथेच जेवणावळीच्या पंगतीला बसलो. आपली मुलं आता पुण्याला, सुरतला, परदेशात आहेत. घराघरात दोन-दोन म्हातारी माणसं उरली आहेत. त्यांना उद्या हॉल लागणार आहे, कालच्यापेक्षा जास्त.

नुसतं 'नको' म्हणून मी खाली बसणार नाही. तीन गोष्टी सुचवतो, सभेत त्यांवर मतदान घ्या.

एक. हॉल रोज संध्याकाळी दोन तास उघडा राहावा. काय करायचं ते ठरवायची गरज नाही. पेपर वाचा, कॅरम खेळा, भजन करा, मुलांचा अभ्यास घ्या. मजल्याप्रमाणे पाळी लावू, किल्ली त्या आठवड्यात त्या मजल्याकडे. बहारोटला सरपणाची पाळी होती तशीच ही.

दोन. सकाळचे तास आपण भाड्यानं देऊ. योगवर्ग असो, शिवणवर्ग असो, शिकवणी असो. रक्कम गोडाऊनपेक्षा कमी येईल हे मान्य. पण येईल ती फक्त दुरुस्तीच्या खात्यात. उरलेली तूट ज्यांना शक्य आहे त्यांनी एकरकमी द्यावी. मी आणि आमच्या घरचे पहिलं नाव लिहितो.

तीन. दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, एक रविवार गच्ची, पन्हळी आणि गटारं बघण्याचा. सगळ्यांनी. कंत्राटदाराला बोलवायचं ते नंतर. आधी आपल्या डोळ्यांनी भेग पाहायची. सरकलेलं कौल त्याच वर्षी दिसलं पाहिजे.

एक वर्ष हे करून बघू. वर्षभरात हॉल रिकामाच राहिला, किल्ली घ्यायला कुणी आलं नाही, तर पुढच्या सभेत गोडाऊनच्या ठरावाला मी स्वतः अनुमोदन देईन. मग समितीला दोष देण्याचा हक्क आपल्यापैकी कुणालाच राहणार नाही.

आणि हो, नाताळच्या आसपास एक सहल वसईला काढू. आधी किल्ला बघू, मग नंदाखालला जाऊ. नातवंडांना बरोबर घ्या. हा क्रम मात्र उलटा करू नका.

संस्थेला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा देतो आणि थांबतो.